आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला, पुन्हा अर्ज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक, आई-बाबा इकडे पुण्यात, साताऱ्यात नाहीतर नागपुरात, आणि बीकेसीतल्या कॉन्सुलेटच्या खिडकीतून पासपोर्ट परत आलाय, सोबत एक छापील कागद. त्यानंतर घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे प्रश्न येतात ते इथे घेतलेत. सगळं बी१/बी२ म्हणजे नेहमीच्या व्हिजिटर व्हिसाबद्दल आहे. फी आणि नियम हल्ली पटापट बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी कॉन्सुलेटच्या साइटवर एकदा बघून घ्या.

कागदावर २१४(बी) लिहिलंय. म्हणजे काय?

अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमधलं हे कलम आहे. व्हिजिटर व्हिसा मागायला आलेला प्रत्येक माणूस तिकडे कायमचा राहायलाच निघालाय, असं हा कायदा आधी धरून चालतो. तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. पटलं नाही की २१४(बी).

तुम्ही खोटं बोललात असा याचा अर्थ नाही. काळ्या यादीत नाव गेलं असाही नाही. नकार त्या एका अर्जापुरता असतो. हातात दिलेला कागद सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यात स्वतःच्या नकाराचं कारण शोधत बसू नका.

आम्हाला २१४(बी) नाही, २२१(जी) चा कागद दिलाय. स्टेटस मात्र ‘रिफ्यूज्ड’ दिसतंय.

मग इतक्यात नवा अर्ज करू नका. २२१(जी) म्हणजे एखादा कागद कमी आहे किंवा आणखी तपासणी करायची आहे. ऑनलाइन स्टेटसमध्ये यालाही ‘रिफ्यूज्ड’च दाखवतात आणि ते वाचून घरात रडारड होते. मागितलेलं वर्षाच्या आत दिलं तर त्याच अर्जावर काम पुढे चालतं, पुन्हा फी लागत नाही. वर्ष उलटलं की मात्र पहिल्यापासून सुरुवात.

कागदावर २१२(ए)(६)(सी) असं काही असेल तर हे पान तुमच्या उपयोगाचं नाही. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केल्याचा तो ठपका असतो आणि तो आयुष्यभर राहतो. त्यात ‘वेव्हर’ म्हणजे त्या बंदीतून सूट मागावी लागते. तिथे इमिग्रेशनचा वकीलच हवा.

मुलगा अमेरिकन सिटिझन आहे. त्याच्या शब्दाला काहीच किंमत नाही का?

व्हिजिटर व्हिसाच्या बाबतीत जवळजवळ नाही. हे पचायला जड जातं, विशेषतः मुलांना. “मी इथे टॅक्स भरतो, माझं घर आहे, मी हमी देतो, आणखी काय हवं?” असं त्यांचं म्हणणं. पण अधिकारी मुलाची ऐपत तपासत नसतो. आई-बाबा परत का येतील, हे त्याला बघायचं असतं. मुलाचं पाच बेडरूमचं घर आणि मोठा पगार हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. उलट, इतकी सोय असताना ते परत कशाला येतील, असाही विचार होऊ शकतो.

कोर्टातही फार आशा नाही. जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. ते प्रकरण कायमच्या व्हिसाचं होतं. नवरा-बायकोच्या बाबतीत ही स्थिती, तर महिना-दोन महिने भेटायला येणाऱ्या आई-बाबांसाठी कोर्ट मध्ये पडेल असं धरून चालू नका.

मग अपील? निदान सिनेटरचं किंवा काँग्रेसमनचं पत्र?

२१४(बी) वर अपील नाही. लोकप्रतिनिधीच्या ऑफिसातून चौकशी होऊ शकते आणि तिला उत्तरही येतं, पण निर्णय त्याने फिरत नाही. अर्ज २२१(जी) मध्ये महिनोन्‌महिने अडकला असेल तर अशा चौकशीचा थोडा उपयोग आहे. बाकी रस्ता एकच: नवा अर्ज, नवी फी, नवी मुलाखत.

किती दिवस थांबायचं? सहा महिने थांबावं लागतं असं ऐकलंय.

असा नियम नाही. मुलाखतीचा स्लॉट मिळाला तर पुढच्या आठवड्यातही जाता येतं. पण गेल्या आठवड्यात जे सांगितलं तेच पुन्हा सांगणार असाल तर कशाला जायचं? मागच्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या नोंदी नव्या अधिकाऱ्याला स्क्रीनवर दिसतात. दहा दिवसांत तुमच्या आयुष्यात काय बदललं, असंच तो विचारणार.

माझं मत विचाराल तर दोनच परिस्थितींत लवकर जावं. पहिली, फॉर्ममध्ये चुकीचं किंवा अर्धवट भरलं होतं आणि ते आता नीट करता येतंय. दुसरी, घरात खरंच काही बदललंय: धाकट्याचं लग्न ठरलं, बाबांनी पुन्हा काम सुरू केलं, दुसरा मुलगा परत भारतात आला. यातलं काही नसेल तर जरा दम धरा.

नकाराचं खरं कारण कळणार कसं?

कोणी सांगणार नाही. पण अंदाज बांधता येतो. मुलाखत झाली त्याच दिवशी आई-बाबांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न आणि दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहून काढा. चार दिवसांनी विचारलंत तर आई सांगेल, “सगळं नीटच बोललो रे, त्यानेच ऐकून घेतलं नाही.” लिहिताना कळतं, की बाई दोन मिनिटांत फक्त मुलाबद्दल बोलल्यात.

नेहमी दिसणारा एक नमुना बघा. गृहस्थ कऱ्हाडजवळचे, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. खिडकीत झालेलं बोलणं असं:

“अमेरिकेला कशासाठी?”
“मुलाकडे.”
“मुलगा काय करतो?”
“आयटीत आहे. सिटिझन आहे तो.”
“किती वर्षं झाली त्याला तिकडे?”
“चौदा.”
“तुम्ही काय करता?”
“काही नाही, रिटायर्ड.”

झालं. एकही शब्द खोटा नाही. पण यात पेन्शन आली नाही, चार एकर ऊस आला नाही, शेजारीच राहणारा धाकटा मुलगा आणि त्याची शाळेत जाणारी पोरं आली नाहीत, पतसंस्थेचं संचालकपद आलं नाही. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे फुशारकी, असं वाढलेली ही पिढी. “काही नाही, घरीच असते” हे आईचं उत्तर तर ठरलेलंच. नम्रपणाने दिलेलं हे उत्तर खिडकीपलीकडे ‘इथे यांचं काहीच नाही’ असं ऐकू येतं.

बरं, पण मुलाखत तर दोन मिनिटांची. तेवढ्यात हे सगळं सांगायचं कधी?

म्हणूनच अर्ध्याहून जास्त काम डीएस-१६० म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्ममध्येच करायचं असतं. तुम्ही खिडकीशी पोचता तेव्हा फॉर्म अधिकाऱ्यासमोर उघडलेला असतो आणि त्याचं मत तो वाचूनच बनायला लागलेलं असतं.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते कामधंद्याच्या पानाकडे. ‘प्रायमरी ऑक्युपेशन’ मध्ये ‘रिटायर्ड’ किंवा ‘होममेकर’ निवडलं की सध्याच्या कामाचे रकाने उघडतच नाहीत. मालकाचं नाव, मासिक उत्पन्न, काम काय करता, काहीच विचारलं जात नाही. माणूस खरोखर निवृत्त असेल तर ‘रिटायर्ड’च लिहायचं, त्यात वाद नाही. पण जो निवृत्तीनंतर रोज शेतावर जातो, ज्याचं उत्पन्न त्यातून येतं, त्याच्यासाठी त्याच यादीत ‘अ‍ॅग्रिकल्चर’ आहे. दुकानात बसणाऱ्यासाठी ‘बिझनेस’ आहे. आई घरी शिकवण्या घेत असेल, पोळीभाजी केंद्र चालवत असेल, तर तेही काम आहे. ते निवडलं की महिन्याचं उत्पन्न आणि कामाचं वर्णन लिहायला जागा मिळते. त्या चार ओळी साध्या आणि खऱ्या लिहा. नसलेला धंदा मात्र उभा करू नका. “ऊस कोणत्या कारखान्याला घालता?” असा प्रश्न आला की पितळ उघडं पडतं.

प्रवासाचे दिवसही बघा. सहा महिने लिहिलेले असतात, कारण “इतकं तिकीट काढून जायचं तर राहू की”. पहिल्याच खेपेला सहा महिने मागणारा माणूस इथल्या कामाधामाचा वाटत नाही. सहा-आठ आठवडे, आणि त्याला कारण: दिवाळीनंतर जाऊ, पुतणीच्या लग्नाच्या आत परत. जेवढं लिहाल तेवढंच राहायचं मनात असू द्या.

पूर्वी नाकारला होता हे फॉर्ममध्ये लिहायचं का?

हो. “पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का?” या प्रश्नाला ‘येस’, खाली महिना, वर्ष, ठिकाण, आणि २१४(बी). वीस वर्षांपूर्वीचा नकारसुद्धा. त्यांच्याकडे नोंद असतेच, त्यामुळे लपवून फायदा शून्य. उलट लपवण्यातून वर सांगितलेला आयुष्यभराचा ठपका लागू शकतो. २२१(जी) झालं असेल तर तेही लिहिणंच बरं. स्पष्टीकरणाच्या चौकटीत गाऱ्हाणं नको, मुद्द्याच्या दोन ओळी पुरेत.

जुना फॉर्म तसाच वापरता येत नाही, नवा भरावा लागतो. पण मागच्या फॉर्मची प्रत शेजारी ठेवून भरा. आईची जन्मतारीख, लग्नाची तारीख, मुलाच्या घराचा पत्ता यांत दोन फॉर्मांत फरक पडला की विनाकारण प्रश्न निघतात. मुलगा मागच्या वेळी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होता आणि आता सिटिझन असेल, तर तेही बदला.

कागदपत्रांची फाइल कशी लावायची? सीएचा दाखला, सातबारा, फ्लॅटचं व्हॅल्युएशन?

फाइल न्या, पण तिच्यावर विसंबू नका. पुष्कळ मुलाखतींत एकही कागद बघत नाहीत. मालमत्तेची किंमत कोट्यवधींत दाखवणारे व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घेण्यात हौशी मंडळी हजारो रुपये घालवतात. कारण काय, तर शेजारच्यांनी केला होता. फ्लॅट विकता येतो हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. चालू कामधंदा, पेन्शन, इथली जवळची माणसं यांचं वजन त्यापेक्षा जास्त.

पेन्शनचा कागद, सातबारा, गेल्या काही वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचं पासबुक, जुने पासपोर्ट, एवढं हाताशी असलं की झालं. मुलाखतीच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम जमा करू नका. ती मदत करत नाही, संशय मात्र वाढवते.

मुलाने पाठवायचं आमंत्रणपत्र आणि खर्चाची हमी देणारा आय-१३४ फॉर्म यांची व्हिजिटर व्हिसाला सक्ती नाही. खर्च मुलगा करणार असेल तर फॉर्ममध्ये तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही.

मुलाखत मराठीत देता येते का?

मुंबईला येते. मोडकं इंग्रजी बोलत “यस, यस” करण्यापेक्षा मराठीत नीट बोललेलं कधीही बरं. खिडकीशी सुरुवातीलाच सांगा. एकच लक्षात ठेवा: दुभाष्यामार्फत बोलताना वाक्यं आखूड हवीत. “आता काय सांगू साहेब, त्याचं असं झालं” अशी सुरुवात केलीत तर निम्मा वेळ तिथेच जातो. आणि दोघं बरोबर असाल तर आईच्या प्रश्नाला बाबांनी उत्तर देऊ नये. घरी सवय असते, तिथे ती आवरा.

सुनेचं बाळंतपण आहे. ते कारण सांगायचं की ‘फिरायला जातोय’ म्हणायचं?

खरं तेच सांगा. ‘फिरायला’ म्हणालात आणि पुढच्या प्रश्नाला “कुठे कुठे फिरणार?” आलं, की नायगरापलीकडे गाडी जात नाही. नातवंडाच्या जन्माला आजी-आजोबांनी जाणं हे व्हिजिटर व्हिसाचं अगदी रास्त कारण आहे. अडचण होते ती “सुनेची रजा संपली की बाळाला आम्हीच सांभाळणार” अशा उत्तराने. मग तुम्ही भेटीला चाललात की डेकेअरचा खर्च वाचवायला, असा प्रश्न उभा राहतो. तुमच्या मनातही नक्की काय आहे ते घरात आधी बोलून घ्या. आठ आठवडे राहून येणार असाल तर तसं सांगा, आणि आठच आठवडे राहा.

मुलाने आमच्यासाठी आय-१३० (नातेवाइकाला कायमचं बोलावण्याची पिटिशन) भरलाय. आता व्हिजिटर व्हिसा मिळणारच नाही का?

आपोआप बंद होत नाही, पण अवघड होतो. तुम्ही कायमचे जाणार असं मुलानेच सरकारला लिहून दिलंय, आणि तुम्ही खिडकीत ‘नुसते भेटायला’ म्हणताय. तरी फॉर्ममधल्या “तुमच्या वतीने इमिग्रंट पिटिशन भरली आहे का?” या प्रश्नाला खरं उत्तर द्यावंच लागतं.

एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाच्या आई-वडिलांना ग्रीन कार्डासाठी वार्षिक कोट्याची रांग नसते. त्यामुळे वारंवार नकार आला की मुलं म्हणतात, “सोडा ते, सरळ ग्रीन कार्डच करू.” माझा याला बहुतेक वेळा विरोध असतो. ग्रीन कार्ड म्हणजे तिकडे राहायचं. वर्षातले दोन महिने तिकडे आणि दहा महिने इकडे, असं केलं की विमानतळावर जाब विचारतात आणि कार्ड जायची वेळ येते. ज्यांचा जीव डोंबिवलीच्या कट्ट्यावर आणि पहाटेच्या योगावर्गात रमतो, त्यांनी नातवाला भेटता यावं एवढ्यासाठी देश बदलू नये. दोघांपैकी एकजण मागे राहिला असेल, इथे बघणारं कोणी नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आय-१३० च योग्य.

भावंडांचं गणित पार निराळं. नागरिकाच्या भाऊ-बहिणीची रांग भारतीयांसाठी दोन दशकांच्या आसपास जाते. पिटिशन कधीची पडून आहे आणि मधल्या काळात भेटायला जायचंय, एवढंच शांतपणे सांगा.

नवीन लग्न झालंय, नवरा सिटिझन आहे. जोडीदाराचा कायमचा म्हणजे स्पाउस व्हिसा होईतोवर व्हिजिटरवर जाऊ का?

नकाराची शक्यता खूप. नवऱ्याने स्पाउस व्हिसाची प्रक्रिया लगेच सुरू करावी हे उत्तम. व्हिजिटरवर जाऊन तिथेच राहून जायचं, असं मनात ठेवून मुलाखतीत ‘भेटून येते’ म्हणणं हे खोटं विधान ठरतं. पुढच्या ग्रीन कार्डाच्या वेळी तेच अंगाशी येतं.

आम्ही आधी दोनदा जाऊन वेळेत परत आलो. दहा वर्षांचा व्हिसा संपला आणि आता नकार. असं कसं?

वेळेत म्हणजे किती? विमानतळावर बहुधा सहा महिने मिळतात, आणि दर खेपेला साडेपाच महिने राहिला असाल तर नियम मोडलेला नाही, पण चित्र तिकडे अर्धं बिऱ्हाड केल्याचं दिसतं. पुढच्या अर्जात प्रत्येक खेपेच्या तारखा बरोबर लिहा आणि या वेळी थोडक्या दिवसांची भेट दाखवा.

मुदत उलटून राहिला असाल तर प्रकरण गंभीर. आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी नोंदलेल्या मुदतीची तारीख ओलांडली की तो व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर दहा वर्षं प्रवेशबंदी.

मुंबईत नाकारला. हैदराबादला प्रयत्न करू? की बँकॉकला?

भारतात दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता यांपैकी कुठेही स्लॉट घेता येतो, पण रेकॉर्ड एकच आहे. एखादं कॉन्सुलेट ‘सोपं’ आहे ही अफवा दर वर्षी गाव बदलते. मराठी मुलाखतीची गरज असेल तर मुंबई सोडू नका. परदेशात जाऊन अर्ज करण्याची वाट सप्टेंबर २०२५ पासून जवळपास बंद झालीय. आपलं नागरिकत्व किंवा वास्तव्य ज्या देशात आहे तिथूनच अर्ज करायला सांगतात.

आजीचं वय ८२. ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय नुसती कागदपत्रं जमा करणं) चालेल ना?

पूर्वी चालायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून वयाची ती सवलत साधारणपणे काढून टाकलीय, आणि नकार झालेल्याला तर मुलाखतीला जावंच लागतं.

एजंट म्हणतो, “आमची सेटिंग आहे.”

नाही. कोणाचीही नाही. फॉर्म टाइप करून देणं आणि स्लॉट बघणं एवढंच कोणीही करू शकतं. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी आतल्या मजकुराची जबाबदारी तुमचीच असते. सबमिट करण्याआधी पूर्ण प्रत मागून घ्या आणि आई-बाबांना मराठीत वाचून दाखवा. “हे कोणी लिहिलं? माझं दुकान तर मी कधीच बंद केलं” असे शोध तेव्हा लागतात, आणि ते खिडकीत लागण्यापेक्षा घरात लागलेले बरे.

फी किती?

माणशी १८५ डॉलर, रुपयांत भरायचे. नकार आला तर परत मिळत नाहीत आणि जुनी पावती नव्या अर्जाला चालत नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात व्हिसा मंजूर झाल्यावर आणखी किमान २५० डॉलर घेण्याची तरतूद आहे. तुमच्या अर्जाच्या वेळी ती लागू आहे का ते बघा.

या नकारामुळे ब्रिटन, कॅनडाच्या व्हिसावर परिणाम होईल का?

त्यांच्या फॉर्ममध्ये इतर देशांनी व्हिसा नाकारला आहे का, हे विचारतात. तिथेही ‘हो’ लिहा. तेवढ्यावरून ते नाकारत नाहीत. ब्रिटन आणि कॅनडा नकार देताना पत्रात कारणं तरी लिहितात, त्यामुळे तिकडचं नकारपत्र जपून ठेवा. पुढच्या अमेरिकेच्या फॉर्मची तयारी करतानाही ते वाचण्यासारखं असतं.